शुगर मधेच लटकलेल्यांचं कोण बघणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत मधुमेहावर पूर्ण पान होतं, चांगलं होतं, इन्सुलिन कसं घ्यायचं, पायाची काळजी, डोळ्यांची तपासणी सगळं नीट दिलेलं. पण ज्यांना अजून मधुमेह झालेला नाहीये आणि ज्यांची शुगर नॉर्मलही राहिलेली नाही अशा लोकांसाठी अख्ख्या पानात एक ओळ. आणि त्याच पानाच्या खाली कोपऱ्यात जाहिरात, शुगर मुळापासून बरी करा, गोळ्यांपासून कायमची सुटका. ह्या दोन्हीवर लिहायचंय म्हणून हे पत्र. मी डीएमएलटी (लॅब तपासण्यांचा डिप्लोमा) केलंय, साताऱ्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये बरीच वर्षं टेक्निशियन आहे, सकाळी ब्लड कलेक्शन आणि नंतर मशीनवर. डॉक्टर नाहीये त्यामुळे कुणी कुठलं औषध घ्यावं हे मी सांगणार नाही, पण एकेका माणसाचा आकडा वर्षानुवर्षं कुठून कुठे जातो ते आमच्या काउंटरवर बसून दिसतं, आणि ते बघून गप्प बसवत नाही.

आधी आकडे, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. निदान आठ तास उपाशी राहून दिलेली शुगर १०० च्या खाली असेल तर नॉर्मल, १२६ किंवा वर असेल तर मधुमेह, मधली १०० ते १२५ म्हणजे प्रीडायबिटीस. तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीएवनसी, ५.७ ते ६.४ आली तरी तेच, आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायल्यावर दोन तासांनी १४० ते १९९ आली तरी तेच. आता अडचण अशी की फास्टिंगची ही १०० ची रेषा अमेरिकन डायबिटीस असोसिएशनची, जागतिक आरोग्य संघटना ११० धरते, त्यामुळे काही लॅबच्या रिपोर्टवर नॉर्मल म्हणून ७० ते १०० छापलेलं असतं आणि काहींच्या रिपोर्टवर ७० ते ११०. म्हणजे एकाच माणसाची १०६ शुगर एका लॅबमध्ये ठळक अक्षरात येते आणि चार दुकानं सोडून दुसऱ्या लॅबमध्ये साध्या अक्षरात. आणि लोक रिपोर्ट कसा वाचतात तर बोट वरून खाली फिरवतात, ठळक काही दिसलं किंवा स्टार दिसला तर थांबतात, नाहीतर घडी करून खिशात.

एक शिक्षक काका असेच रिपोर्ट न्यायला आले होते, फास्टिंग १०८. "स्टार कुठे नाहीये ना ताई?" मी म्हटलं काका स्टार नाहीये पण १०८ आहे, डॉक्टरांना दाखवा, तीन महिन्यांची पण करून घ्या. तर म्हणाले, "अहो बॉर्डरवर आहे नुसती, आमच्या घरात सगळ्यांचीच असते." नंतर ते आले ते चार-पाच वर्षांनी, पायाची जखम भरत नव्हती आणि ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्या लिहून दिल्या होत्या म्हणून, आणि शुगर २४० च्या वर. मधल्या काळात त्यांनी एकदाही तपासली नव्हती, आणि तपासा म्हणून कुणी फोनही केला नव्हता. काकांना दोष देऊन काय होणार, मधुमेह निघाला असता तर गोळ्या सुरू झाल्या असत्या, दर तीन महिन्याला डॉक्टरकडे जाणं झालं असतं, बायको-मुलं मागे लागली असती. मधल्या पट्ट्यात असलेल्या माणसामागे कुणीच लागत नाही.

आणि ही माणसं थोडीथोडकी नाहीयेत. आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, जो मोठा देशभरचा अभ्यास २०२३ मध्ये आला त्यात भारतात मधुमेह असलेले १० कोटी १० लाख आणि प्रीडायबिटीसवाले १३ कोटी ६० लाख असा अंदाज आहे. म्हणजे झालेल्यांपेक्षा होऊ घातलेलेच जास्त. सगळ्यांना होतोच असं नाही, काही जण परत नॉर्मलला येतात, काही वर्षानुवर्षं तिथेच राहतात, पण आपल्याकडे पुढे सरकायचा वेग फार आहे. चेन्नईला डॉ. ए. रामचंद्रन यांच्या टीमने ५३१ लोकांवर अभ्यास केला होता, २००६ मध्ये छापून आला, सगळे ग्लुकोज प्यायल्यानंतरच्या टेस्टमध्ये मधल्या पट्ट्यात सापडलेले. त्यातल्या ज्या गटाला विशेष काही सांगितलं नाही त्यातल्या ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. शंभरातले पंचावन्न, तेही तीनच वर्षांत! ज्यांच्या मागे लागून रोज चालायला लावलं आणि खाण्यात बदल करायला लावला त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्क्यांवर आलं, आणि नुसती मधुमेहावरची मेटफॉर्मिनची गोळी दिली त्यांच्यातही साधारण ४०. अमेरिकेतल्या २००२ च्या मोठ्या अभ्यासात तर चालणं-खाणं सुधारलेल्यांचा धोका ५८ टक्क्यांनी कमी झाला आणि गोळीवाल्यांचा ३१ टक्क्यांनी. म्हणजे ह्या टप्प्यावर चालण्याला गोळीइतकी किंवा गोळीपेक्षा जास्त किंमत आहे, हे आता वादाचं राहिलेलंच नाही. (मेटफॉर्मिन वाईट असं मी म्हणत नाहीये, वजन फार असेल किंवा आधी गरोदरपणात शुगर वाढली असेल तर डॉक्टर देऊ शकतात, फक्त मेडिकलमधून शेजाऱ्याचं बघून घेऊ नका.)

तपासण्यांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण ते माझं रोजचं काम आहे आणि इथेच मधल्या पट्ट्यातले निम्मे लोक निसटतात. पहिलं म्हणजे नुसती फास्टिंग करून भागत नाही. कितीतरी जणांची फास्टिंग ९४-९६ असते आणि जेवणानंतर १६५. सकाळपर्यंत शरीर कसंबसं सावरून घेतं पण जेवण पडलं की शुगर खाली यायला वेळ लागतो, ही सुरुवातीची खूण असू शकते आणि ती फास्टिंगमध्ये दिसत नाही. दुसरं, पीपीचे, म्हणजे जेवणानंतरच्या शुगरचे, दोन तास हे पहिल्या घासापासून मोजायचे असतात, जेवून हात धुतल्यापासून नाही. लोक पावणेतीन तासांनी येतात, घाम येईपर्यंत चालून येतात, नाहीतर त्या दिवशी मुद्दाम दोन इडल्या आणि बिनसाखरेचा चहा घेऊन येतात आणि रिपोर्ट चांगला आला म्हणून खूश होतात. रोज जे खाता तेच खाऊन या, आम्ही परीक्षा घ्यायला बसलेलो नाही. आणि खरंच शंका असेल, म्हणजे आईवडिलांना मधुमेह, पोट सुटलेलं, फास्टिंग शंभरच्या आसपास, तर डॉक्टरांना विचारून ७५ ग्रॅम ग्लुकोजवाली टेस्ट करा. ते गोडमिट्ट पाणी पाच मिनिटांत प्यायचं आणि दोन तास एका जागी बसायचं, कंटाळा येतो पण जे फास्टिंगमध्ये लपतं ते तिथे सापडतं.

चौकात रविवारी शिबिरं लागतात, बोटाला टोचून त्या क्षणाची शुगर बघतात, १३० आली की नॉर्मल म्हणून सांगतात आणि माणूस निर्धास्त घरी जातो. त्या टेस्टमध्ये चांगला वाढलेला मधुमेह सापडतो, प्रीडायबिटीस जवळजवळ सापडतच नाही. शिबिरं घेऊ नका असं नाही, पण तिथल्या कागदावर एवढं तरी लिहा की उपाशीपोटीची आणि तीन महिन्यांची तपासणी वेगळी करून घ्या. घरच्या ग्लुकोमीटरचं पण तसंच, मशीन चांगलं असलं तरी १०-१५ टक्के इकडेतिकडे होतं, त्यामुळे त्याच्यावर ९८ आली की सुटलो आणि १०४ आली की संपलो असं करू नका.

तीन महिन्यांच्या शुगरची एक गोष्ट बायकांना कुणी सांगत नाही. ही टेस्ट रक्तातल्या लाल पेशींना किती साखर चिकटली आहे ते बघते, आणि लाल पेशी साधारण १२० दिवस जगते म्हणून त्यातून मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज येतो. पण अंगात लोह कमी असेल तर हा आकडा खोटाच वर दिसू शकतो, आणि रक्तस्राव झालेला असेल किंवा सिकल सेलसारखा लाल पेशींचा आजार असेल तर खोटा खाली. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांना ॲनिमिया, म्हणजे हिमोग्लोबिन कमी, आहे. हिमोग्लोबिन ८.५ असलेल्या बाईचा एचबीएवनसी ६.१ आला तर ती खरंच प्रीडायबिटीस आहे का हे नुसत्या त्या आकड्यावरून सांगता येत नाही, आणि हिमोग्लोबिन ८ असताना ५.५ आला तर निश्चिंत होता येईल असंही नाही. अशा वेळी हिमोग्लोबिनचा रिपोर्ट बरोबर न्यायचा आणि फास्टिंग व ग्लुकोजवाली टेस्ट करायची. एकाच सुईत जांभळ्या टोपीच्या बाटलीत घेतलेल्या रक्तातून दोन्ही टेस्ट होतात, हिमोग्लोबिन पण आणि एचबीएवनसी पण, तरी पॅकेजमध्ये नाही म्हणून लोक एकच करतात.

"मी तर किती बारीक, मला कशी असेल शुगर" हे वाक्य रोज ऐकते. ह्याचं उत्तर आपल्या पुण्यातच शोधलं गेलंय. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सारखाच, २२.३, पण मोजल्यावर युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात दोघांचा फोटो शेजारी शेजारी छापून आला होता. वरून बारीक, आतून चरबी जास्त आणि स्नायू कमी, अशी आपली ठेवण, आणि याज्ञिकांच्या टीमने पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं १९९३ पासून तपासून दाखवलं की ही ठेवण जन्मतःच असते, बाळं वजनाने लहान पण वजनाच्या मानाने चरबी जास्त. म्हणून आपल्यासाठी बीएमआय २३ च्या वर गेला की जास्त धरतात, २५ ची वाट बघायची नाही, आणि कंबर बाप्यांची ९० सेंटीमीटर, बायकांची ८० सेंटीमीटर. टेप कमरेला उघड्या अंगावर लावायची, पोट आत न घेता, पँटचा नंबर सांगू नका कारण पँट पोटाखाली नेसतात. चेन्नईच्या त्या अभ्यासात तर चालणाऱ्या लोकांचं वजन फारसं कमी झालंच नव्हतं, तरी मधुमेह कमी झाला. तेव्हा काट्यावर आकडा हलत नाही म्हणून चालणं सोडू नका.

चालण्याचंच घ्या. जेवण झालं की शुगर रक्तात येते आणि ती उचलून घेणारं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे मांडीचे, पोटऱ्यांचे स्नायू. स्नायू हलत असले की इन्सुलिन कमी पडलं तरी ते साखर आत ओढतात. म्हणून जेवल्यावर १०-१५ मिनिटं चाललं तर जेवणानंतरची शुगर कमी चढते, आणि रात्रीच्या जेवणानंतरचं चालणं तर सगळ्यात उपयोगाचं कारण तेच आपलं मोठं जेवण आणि त्यानंतर आपण थेट टीव्हीसमोर. पहाटे अजिंक्यताऱ्यावर चढणारे आमच्याकडे भरपूर आहेत, छान आहे ते, पण पहाटे किल्ला चढून आल्यावर दिवसभर दुकानाच्या गादीवर बसून राहणाऱ्यालाही दर तासाला उठायला हवं. आठवड्याला १५० मिनिटं भराभर चालणं आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम, उठाबशा, जिने, भिंतीला टेकून बसणं काहीही, हे घरातल्या आजींनाही जमतं. शेतात काम करतो मला व्यायाम कशाला असं म्हणणाऱ्यांना मी विचारते, दादा, आता नांगरट ट्रॅक्टरने, मळणी मशीनने, शेतावर जायचं ते पण गाडीवर, मग काम राहिलं किती?

खाण्यावर लिहायला बसले तर पानं भरतील, कारण महाराष्ट्रात प्रत्येकाचं एक डाएट आहे, कुणी दोनदाच जेवा म्हणतं, कुणी दर दोन तासांनी खा म्हणतं, आणि व्हॉट्सॲपवर दोन्ही गटांची भांडणं चालतात. माझं म्हणणं साधं आहे, आधी ताटात काय पडतंय ते बघा. आयसीएमआरच्याच पाहणीत दिसलंय की आपल्या जेवणातल्या ६२ टक्के कॅलरी पिठूळ आणि गोड पदार्थांतून येतात, त्यात मोठा वाटा पांढरा भात, दळलेला गहू आणि साखरेचा. दोन पोळ्या, वर भात, बटाट्याची भाजी, आमटीत डाळ शोधावी लागते, आणि तोंडी लावायला पापड. म्हणजे गोड काहीच खाल्लं नाही तरी सगळं जेवण साखरच होतं. सकाळी कांदेपोहे, अकराला चहा-खारी, उपासाला साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा कीस, हे तर शुगर थेट चढवणारे. ज्वारीची भाकरी पोळीपेक्षा बरी, पण भाकरी खातो म्हणून शुगर वाढतच नाही असं नाही, तीन भाकऱ्या खाल्ल्या तर वाढणारच. ताट उलटं करायचं, निम्मं ताट पालेभाजी-काकडी-कोबी-गवार-दोडका, एक मोठी वाटी मटकीची किंवा मुगाची उसळ, घट्ट वरण, खात असाल तर अंडी-मासे, वाटीभर दही किंवा ताक, आणि मग एक भाकरी आणि भात घ्यायचाच असेल तर शेवटी एक छोटी वाटी. खाण्याचा क्रमही तोच ठेवायचा, भाजी आणि उसळ आधी, भाकरी-भात नंतर, तेवढ्यानेही जेवणानंतरची शुगर कमी चढते.

गुळाच्या चहाचे स्टॉल आता नाक्यानाक्यावर झालेत आणि लोक समजतात गूळ चालतो. गूळ म्हणजे पण साखरच, रक्तात जाऊन तेच करतो. डायजेस्टिव्ह किंवा मल्टिग्रेन लिहिलेली बिस्किटं घेताना पाकीट उलटं करून बघा, घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, पहिलंच नाव मैदा असेल तर बाकी वाचायची गरज नाही. फळ चावून खा, रस काढून पिऊ नका. आणि एक खटकणारी गोष्ट लिहून टाकते, घरातल्या बाईचं ताट. सगळ्यांचं झाल्यावर ती बसते तेव्हा उसळ संपलेली असते, भाजी चमचाभर, आणि उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून तिच्या ताटात. नवऱ्याची शुगर वाढली की घरात वेगळा स्वयंपाक सुरू होतो, तिची वाढली तर तिला कुणी विचारत नाही की तू काय खाल्लंस. उसळीची वाटी आधी तिच्यासाठी काढून ठेवा, एवढं तर होऊ शकतं ना.

आता सगळ्यात कळकळीने लिहितेय ते गरोदरपणातल्या शुगरबद्दल. गरोदर बाईची ग्लुकोज टेस्ट आता सरकारी दवाखान्यातही होते, पहिल्या भेटीत आणि परत २४ ते २८ आठवड्यांत, आणि १४० किंवा वर आली की तिला गरोदरपणातला मधुमेह म्हणून सांभाळतात. बाळंतपण झालं की बहुतेकींची शुगर खाली येते आणि सगळे विसरतात. नियम असा आहे की बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी तिची परत ग्लुकोज टेस्ट करायची आणि नंतर दर वर्षी तपासत राहायचं, कारण अशा बाईला पुढे मधुमेह व्हायचा धोका इतरांपेक्षा निदान सात पट असतो. पण सहा आठवड्यांनी ती माहेरी असते, बाळ रात्रभर जागवतं, बाळाच्या लसीची तारीख कार्डावर असते म्हणून ती पाळली जाते आणि तिच्या टेस्टची तारीख कुठेच नसते. आमच्याकडे अशी एक मुलगी आली होती, तिसऱ्या खेपेला गरोदर, तिसऱ्याच महिन्यात फास्टिंग १४० च्या वर. फाईल चाळली तर पहिल्या खेपेलाच शुगर वाढली होती असा कागद होता, मधे एकही तपासणी नाही. "मला कुणी सांगितलंच नाही ओ ताई," एवढंच म्हणाली, आणि ती खरं बोलत होती. बाळाच्या दीड महिन्याच्या लसीला आई येतेच, त्याच दिवशी आईचं पण रक्त घ्या, ती उपाशी कुठे येणार म्हणाल तर तिला आदल्या लसीच्या वेळी सांगून ठेवा, त्यात अवघड काय आहे?

सरकारने तीस वर्षांवरच्या सगळ्यांची तपासणी सुरू केलीय, आशाताई फॉर्म भरतात, कंबर मोजतात, आयुष्मान आरोग्य मंदिरात शुगर बघतात, चांगलं काम आहे आणि त्या बायकांवर आधीच किती बोजा आहे ते मला माहितीये. माझी मागणी एवढीच की मधुमेह निघालेल्यांची जशी यादी होते आणि त्यांना बोलावलं जातं तशी मधल्या पट्ट्यातल्यांची पण वेगळी यादी हवी आणि त्यांना वर्षातून एकदा तरी निरोप जायला हवा. निरोपाने काय होतं असं कुणी म्हणेल. डॉ. रामचंद्रन यांच्याच टीमने दक्षिण भारतात प्रीडायबिटीस असलेल्या ५३७ पुरुषांवर हे करून बघितलंय, निम्म्यांना मोबाईलवर नियमित मेसेज पाठवले, चाला, भात कमी घ्या, अशा साध्या आठवणी, आणि दोन वर्षांत मधुमेह झाला तो मेसेजवाल्यांत १८ टक्क्यांना आणि बाकीच्यांत २७ टक्क्यांना. २०१३ साली हा अभ्यास छापून आलाय, तेव्हा लोकांकडे साधे फोन होते. आज आम्ही प्रत्येक रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवतो, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि फुल बॉडी चेकअपच्या ऑफर पण जातात, मग ज्याची फास्टिंग १०० ते १२५ मधे आली त्याला सहा महिन्यांनी "तुमची शुगर परत तपासायची वेळ झाली" हा मेसेज का जाऊ नये? सगळ्या खाजगी लॅबना हे उद्यापासून करता येईल. आणि रिपोर्टच्या तळाला मराठीत दोन ओळी छापा, ही शुगर नॉर्मलपेक्षा जास्त आहे, मधुमेह नाही, डॉक्टरांना दाखवा आणि वर्षाच्या आत परत तपासा. नॉर्मलची रेंज कुणी १०० लिहो कुणी ११०, ह्या दोन ओळींनी माणूस निदान थांबेल.

आता जाहिरातीचं. १९५४ चा औषधे आणि जादूचे उपाय कायदा आहे, त्यात ज्या आजारांवर बरं करण्याचा दावा करणारी जाहिरात द्यायला बंदी आहे त्या यादीत मधुमेहाचं नाव आहे, आणि शिक्षा पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. तुमच्या कोपऱ्यातली ती जाहिरात ह्याच प्रकारात बसते असं माझं मत आहे, तुमच्या वकिलांना जरूर दाखवा. नुकसान कोणाचं होतं तेही सांगते. अशी चूर्णं घेणारे सगळे मधुमेहीच असतात असं नाही, मधल्या पट्ट्यातलेच जास्त भुलतात, कारण त्यांना कुणी काही दिलेलं नसतं, आणि जांभळाच्या बियांची पावडर घेतोय म्हणजे काहीतरी करतोय असं समाधान मिळतं. मेथी, कारलं, जांभूळ खायला काहीच हरकत नाही, भाजी म्हणून खा, पण ते घेतोय म्हणून चालणं आणि तपासणी बंद होते तिथे नुकसान होतं. पेपरात छापून आलंय म्हणजे खरं असणार असं आमच्या काउंटरवर येणारे आजोबा आजही म्हणतात, एवढा विश्वास आहे तुमच्यावर. तो जपा ही विनंती.

१४ नोव्हेंबरला मधुमेह दिनाची पुरवणी निघेलच, तेव्हा त्यातलं एक पान ह्या मधल्या लोकांसाठी ठेवा, आणि १००, ५.७ आणि १४० हे तीन आकडे मोठ्या अक्षरात छापा, कापून फ्रिजला लावता येतील असे. जिल्ह्यातल्या कुठल्या कुठल्या आरोग्य केंद्रात मधल्या पट्ट्यातल्यांना परत बोलावतात ते तुमच्या वार्ताहरांनी जाऊन विचारलं तर फार बरं होईल, आम्ही विचारलं तर कुणी उत्तर देत नाही.

पत्र लांबलंय ह्याची कल्पना आहे. जागा नसेल तर बाकी कुठलंही कापा, पण बाळंतपणानंतर सहा आठवड्यांच्या टेस्टचा परिच्छेद तेवढा कापू नका.

आपली नम्र,
एक लॅब टेक्निशियन, सातारा